वेरूळची पोकळी आणि निर्वाणाची घंटा : आधुनिक जपानी वाद्यवृंदसंगीताच्या ध्वनिमुद्रणांविषयी

२ एप्रिल १९५८ रोजी टोकियो येथे तीन तरुण संगीतरचनाकारांच्या एका मंडळाने आपल्या नव्या कृतींची मैफल सादर केली. 'तिघांचे मंडळ' अशा साध्याच नावाने ही मंडळी १९५३ पासून ओळखली जात होती. इकुमा दान, यासुशी आकुतागावा आणि तोशिरो मायुझुमी हे ते तिघे. सिंफनी म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलेली अनेक खंडांची दीर्घ रचना. त्या मैफलीत मायुझुमी यांची 'निर्वाण सिंफनी' आणि आकुतागावा यांची 'एलोरा सिंफनी' या दोन्ही कृती प्रथमच ऐकविल्या गेल्या. नागपूरच्या धम्मदीक्षेला त्या वेळी जेमतेम दीड वर्ष झाले होते. इकडे महाराष्ट्रातील लाखो माणसे धम्माकडे परतत होती, तिकडे पराभूत युद्धातून सावरणाऱ्या एका बौद्ध देशातील दोन तरुण, एक निर्वाणाचे आणि दुसरा आमच्या वेरूळचे नाव आपल्या कृतीला देत होता. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध नाही, हे अभ्यासकाने आधीच स्पष्ट केले पाहिजे. परंतु दोन्हींच्या मुळाशी एक समान प्रश्न उभा आहे : हाती आलेला प्राचीन वारसा आजच्या माणसाने कोणत्या आवाजात बोलावा?

हा प्रश्न केवळ संगीतज्ञांचा नाही. आमच्या विहारांतून, जयंतीच्या मंडपांतून, घराघरांतून पालि वंदनेची ध्वनिमुद्रणे वाजत असतात. कुठे तबला, कुठे बासरी, कुठे विजेवर चालणारा कीबोर्ड, तर कुठे मागे समुद्राच्या लाटांचा आवाजही जोडलेला असतो. त्याबद्दल उपासकांत मतभेद आहेत आणि ते असणे योग्यच आहे. जपानने हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर, उत्तम साधनांनिशी आणि बऱ्याच गोंधळानिशी केला. त्याची मुद्रणे आज सहज मिळतात. ती आपण चिकित्सक कानांनी ऐकावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर जपानच्या नव्या राजवटीने शिंतो पंथाला राजाश्रय दिला. त्या लाटेत ठिकठिकाणी बौद्ध विहार उद्ध्वस्त करण्यात आले, मूर्ती फोडल्या गेल्या, घंटा वितळविल्या गेल्या. शाकुहाची नावाची बांबूची बासरी फुंकणे हीच ध्यानसाधना मानणारा फुके संप्रदाय १८७१ साली सरकारी हुकमाने बंद झाला. पुढे १८७९ साली शालेय संगीतासाठी सरकारी खाते स्थापन झाले आणि मुलांच्या कानांवर युरोपीय स्वरांचे संस्कार सुरू झाले. म्हणजे ज्या पिढीत मायुझुमी (जन्म १९२९) आणि आकुतागावा (जन्म १९२५) वाढले, त्या पिढीला पियानो शाळेत भेटला आणि स्वतःच्या देशातील भिक्खूंचे पठण मात्र परक्यासारखे, शोधून काढावे लागले. 'पूर्व आणि पश्चिम यांचा संगम' असे या संगीताचे वर्णन तबकड्यांच्या वेष्टनांवर हमखास छापलेले असते. ते वाचताना हा इतिहास विसरू नये. यांपैकी पश्चिम त्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती, आणि पूर्व पुन्हा शिकावी लागत होती.

त्या पूर्वेचा उगम शोधत गेल्यास आपण आपल्याच दाराशी येतो. जपानी भिक्खूंच्या स्वरबद्ध पठणाला 'शोम्यो' म्हणतात. हा चिनी लिपीतील शब्द मुळात 'शब्दविद्या' या भारतीय संज्ञेचा अनुवाद आहे, आणि शब्दविद्या ही भारतीय विद्यापरंपरेतील पाच विद्यांपैकी एक होती. ज्याला आपण व्याकरण म्हणतो, ते तिकडे जाता जाता गायन झाले, ही भाषेच्या अभ्यासकाला मोठी मौजेची गोष्ट वाटते. शिंगोन परंपरेचे शोम्यो कूकाई यांच्याशी जोडले जाते; ते चीनमधून ८०६ साली परतले. तेंदाई परंपरेचे शोम्यो ८४७ साली परतलेल्या एन्निन यांच्याशी जोडले जाते, आणि त्याचे केंद्र क्योतोजवळील ओहारा येथे रुजले. त्याही आधी, ७३६ साली, बोधिसेन नावाचे एक भारतीय भिक्खू चंपा देशातील एका भिक्खूसह जपानला पोहोचले होते. नारा येथील तोदाई-जी विहारातील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन-सोहळा ७५२ साली झाला, तेव्हा मूर्तीच्या डोळ्यांत शाई भरणारा हात याच बोधिसेनांचा होता. त्या दिवशी नाना देशांचे वादन-नर्तन तिथे झाले. त्या विहाराच्या शोसोइन भांडारात आजही पाच तारांचे एक वाद्य जपून ठेवलेले आहे. त्या जातीच्या वाद्याचे मूळ भारतात सांगितले जाते. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात नर्तकीभोवती वाद्ये घेऊन बसलेल्या सहा स्त्रिया ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना बौद्ध शिल्पात संगीत आलेच कसे, असा प्रश्न पडला असेल. ते केवळ आलेच नाही. ते समुद्र ओलांडून गेले.

आता मायुझुमी यांच्या कृतीकडे वळू. टोकियोच्या संगीत विद्यालयात ते अकिरा इफुकुबे यांचे विद्यार्थी होते, आणि आकुतागावाही त्यांचेच. पुढे १९५१-५२ मध्ये मायुझुमी पॅरिसला शिकले. परत आल्यावर त्यांनी ध्वनिफितीवर रचना केली आणि 'एनएचके' या जपानी नभोवाणी संस्थेच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यशाळेत काम केले. तिथे त्यांनी तोदाई-जी आणि इतर विहारांच्या घंटांच्या ध्वनीचे पृथक्करण केले. जपानी विहाराच्या घंटेला आतून लोळी नसते. दोरांनी टांगलेला लाकडी ओंडका बाहेरून तिच्यावर आदळतो. त्यातून निघणारा नाद एका स्वराचा नसतो. त्यात अनेक उपस्वर असतात, ते एकमेकांशी नेमक्या प्रमाणात जुळत नाहीत, म्हणून नाद कमीजास्त होत, लाटेसारखा हेलकावत दूरवर विरत जातो. पियानोच्या पट्ट्यांवर हा नाद सापडणार नाही. मायुझुमी यांनी ते उपस्वर मोजले आणि वाद्यवृंदातील वेगवेगळ्या वाद्यांना वाटून दिले. एक उपस्वर बासरीला, एक तुतारीला, एक मंद्र तंतुवाद्याला. सगळी वाद्ये एकदम वाजली की घंटा नसताना घंटा ऐकू येते.

सिंफनीचे सहा खंड आहेत. पहिला, तिसरा आणि पाचवा हे घंटानादाचे. दुसऱ्या खंडात पुरुषांचा समूह झेन विहारांत म्हटली जाणारी शूरंगम धारणी पठण करतो. चौथ्याचे नाव 'महाप्रज्ञापारमिता'. शेवटच्या खंडाचा आधार तेंदाई परंपरेच्या शोम्योची चाल. वाद्यवृंद तीन गटांत विभागून श्रोत्यांच्या सभोवती बसवावा, अशी योजना आहे. पहिल्या प्रयोगाचे संचालन हिरोयुकी इवाकी यांनी केले. पुढे एनएचकेच्याच वाद्यवृंदाने जर्मन संचालक व्हिल्हेल्म श्युख्टर यांच्या हाताखाली वाजविलेली तबकडी परदेशातही पोहोचली. १९९५ साली इवाकी यांनी पुन्हा एकदा, टोकियो महानगर वाद्यवृंदाकडून, तिचे मुद्रण केले. ध्वनिमुद्रणाची एक अडचण इथे सांगितली पाहिजे. विहारात भिक्खूंच्या मध्ये बसल्याप्रमाणे श्रोत्याला चारी बाजूंनी ध्वनी यावा, हा या कृतीचा गाभा आहे. दोन ध्वनिवर्धकांतून तो समोरूनच येतो. म्हणजे ज्यांनी ही सिंफनी फक्त तबकडीवर ऐकली, त्यांनी विहाराच्या दारात उभे राहून ती ऐकली.

आमच्या मते या कृतीतील घंटा अस्सल आहे. पठणाबद्दल मात्र आम्हांस शंका वाटते. धारणी हा प्रकार पालि तिपिटकाच्या प्रकृतीशी जुळणारा नाही. मूळ संस्कृत अक्षरे चिनी लिपीत उतरली, तिथून जपानी उच्चारांत गेली, आणि आता म्हणणाऱ्यालाही तिचा अर्थ लागत नाही. मायुझुमी यांना तो अर्थ नकोच होता. त्यांना हवा होता शेकडो कंठांचा घनगंभीर ध्वनी. अर्थ गळून पडलेला ध्वनी ऐकताना अंगावर काटा येतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु 'अंगावर काटा येणे' ही धम्म समजल्याची खूण आहे काय?

विनयपिटकाने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. चुल्लवग्गात छब्बग्गिय भिक्खूंची कथा येते. ते धम्म लांबलचक गीतस्वरात आळवू लागले. लोक कुरकुरले की आम्ही गातो तसेच हे शाक्यपुत्रीय श्रमण गातात! तेव्हा तथागतांनी त्या आळवणीचे पाच दोष सांगितले. गाणारा स्वतःच त्या स्वरात आसक्त होतो. ऐकणारेही आसक्त होतात. गृहस्थ टीका करतात. स्वर सजविण्याच्या नादात चित्ताची एकाग्रता मोडते. आणि मागून येणारी पिढी त्याचेच अनुकरण करू लागते. यावरून तथागत संगीताचे शत्रू होते, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. कारण त्याच ठिकाणी, भिक्खू स्वरयुक्त पठणालाही कचरू लागले तेव्हा, 'सरभञ्ञ' म्हणजे स्वरबद्ध उच्चारण त्यांनी अनुज्ञात केले आहे. सोण कुटिकण्णाने अट्ठकवग्ग स्वरात म्हटला, त्याची त्यांनी प्रशंसा केली. सक्कपञ्ह सुत्तात गंधर्व पंचसिख वीणा वाजवून गातो, तेव्हा तुझ्या तारेचा स्वर आणि गळ्याचा स्वर एकमेकांशी जुळतात, एक दुसऱ्यावर मात करीत नाही, असा अभिप्राय तथागत देतात. हा एखाद्या मर्मज्ञ श्रोत्याचा अभिप्राय आहे. शिवाय, भिक्खुसंघाने एकत्र बसून धम्माचे जे पठण केले त्याला आपण 'संगीती' म्हणतो. संगीत आणि संगीती हे एकाच धातूचे शब्द आहेत. मर्यादा कुठे पडते? शब्द पुढे आणि स्वर मागे, तोवर सरभञ्ञ. स्वर पुढे सरकला की गीतस्वर. या मोजपट्टीने 'निर्वाण सिंफनी'चे तीन घंटाखंड तपासता येत नाहीत, कारण त्यांत शब्दच नाही. पठणाचे खंड मात्र तपासता येतात, आणि आमच्या मते ते सीमा ओलांडतात.

गेल्या वर्षावासात म्हसवड येथील उपासक-उपासिकांपुढे या मुद्रणांतील काही भाग ऐकविण्याचा योग आला. साताऱ्याच्या पूर्व टोकाला, माणगंगेच्या काठी वसलेले हे गाव. एकीकडे सांगली जिल्हा, दुसरीकडे सोलापूर. शेजारच्या खटाव तालुक्यातील गोरेगावी सुभेदार रामजी दुष्काळी तलावाच्या कामावर नोकरीस होते, आणि बाल भीमराव १९०१ साली त्यांना भेटण्यास निघाले असता वाटेत काय घडले, ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. विहारातील ध्वनिवर्धक जयंतीसाठी घेतलेला, भाषणापुरता. त्यातून घंटेचे खालचे उपस्वर उमटलेच नाहीत. उरला तो एक पितळी खणखणाट. तरीही एका वृद्ध उपासकांनी प्रश्न विचारला : ही घंटा बाहेरून वाजवितात काय? होय म्हटल्यावर ते म्हणाले, "आमच्या लहानपणी गावातल्या देवळाची घंटा आम्ही बाहेरूनच ऐकली. ती वाजवायला मात्र आत जावं लागायचं." एवढे बोलून ते गप्प झाले. सभेत दुसरा प्रश्न एका उपासिकेने विचारला : "सर, यात बुद्ध कुठं आहेत?" त्यावर आम्ही जे उत्तर दिले, तेच इथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

मायुझुमी यांच्या पुढील वाटचालीकडे पाहिले की त्या प्रश्नाची धार कळते. १९६० मध्ये त्यांनी 'मंडल सिंफनी' रचली. तिचे दोन खंड वज्रधातू आणि गर्भधातू या शिंगोन मंडलांच्या नावांचे आहेत. त्यानंतर त्यांचा ओढा बौद्ध विचाराकडून जपानी राष्ट्रवादाकडे वाढत गेला. युकिओ मिशिमा यांच्या 'किन्काकुजी' या कादंबरीवरील त्यांचे संगीत नाटक १९७६ साली बर्लिन येथे झाले. १९८१ नंतर ते 'जपानच्या रक्षणासाठी' स्थापन झालेल्या एका उजव्या राष्ट्रीय परिषदेच्या नेतृत्वात होते. १९९७ साली मृत्यू येईपर्यंत ते दूरचित्रवाणीवर लोकप्रिय संगीतकार्यक्रम सादर करीत राहिले. कलावंताच्या राजकारणावरून त्याची कला ठरवू नये, असे म्हणतात. ते मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. ज्या घंटानादाला त्यांनी प्रथम निर्वाणाचा अर्थ दिला, तोच नाद पुढे 'जपानीपणाचा' अर्थ देण्यासही तितकाच उपयोगी पडू शकला. अर्थ नसलेल्या ध्वनीची हीच अडचण आहे. त्याच्यावर कोणीही आपला झेंडा रोवू शकतो. युद्धकाळात याच जपानने धातूसाठी असंख्य विहारांच्या घंटा उतरवून नेल्या होत्या, आणि अनेक बौद्ध संप्रदायांनी त्या युद्धाला आशीर्वाद दिला होता. धम्म राष्ट्राच्या सेवेला जुंपला की त्याचे काय होते, याचा धडा त्यात होता. मायुझुमी यांनी घंटेचा नाद अचूक मोजला, हा धडा मात्र त्यांच्या कानांवर पडला नसावा.

आकुतागावा यांची वाट वेगळी. 'राशोमोन' लिहिणारे र्‍यूनोसुके आकुतागावा यांचे हे तिसरे पुत्र. १९५४ साली परवान्याविना सोव्हिएत रशियात जाऊन त्यांनी शोस्ताकोविच आणि खाचातुरियन यांची भेट घेतली होती. नोकरी-व्यवसाय सांभाळून वाजविणाऱ्या हौशी वादकांचा एक वाद्यवृंद १९५६ साली उभा राहिला. त्याला घडविण्यात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग दिला. याच काळात ते भारतात आले आणि वेरूळला गेले.

तिथे त्यांना थक्क केले ते सोळाव्या, कैलास नावाच्या लेण्याने. आमच्या वाचकांना हे थोडे बोचेल. पहिली बारा लेणी बौद्ध असताना त्यांच्या मनात घर केले ते राष्ट्रकूटांच्या शैव मंदिराने. परंतु त्यांनी तिथून काय उचलले, ते पाहावे. देवकथा त्यांनी उचलल्या नाहीत, मूर्तीही नाहीत. डोंगर वरून खाली कोरीत नेला, नको तो दगड काढला, आणि उरले ते मंदिर. युरोपीय वास्तू दगडावर दगड रचून उभी राहते; इथली वजाबाकीने उभी राहते. याला त्यांनी 'उणे अवकाश' म्हटले, आणि संगीतही ध्वनी रचून न करता ध्वनी काढून घेऊन करता येईल काय, असा विचार मांडला. 'एलोरा सिंफनी' ही त्या विचाराची पहिली कसोटी. अनेक लहान लहान खंड, काही अतिशय संथ, जवळजवळ थिजलेले, काही एकच आघात पुनःपुन्हा करीत धावणारे. ताकुओ युआसा यांच्या संचालनाखाली न्यूझीलंडच्या वाद्यवृंदाने केलेले तिचे मुद्रण आज सहज उपलब्ध आहे. आमच्या कानांना त्यात एकही भारतीय राग ओळखू आला नाही. सतार नाही, तबला नाही. भारतावर रचलेल्या पाश्चात्त्य संगीतात जो मसाला हटकून पेरलेला असतो, तो इथे नाही. वेगवान खंडांत वजाबाकीपेक्षा रशियन गुरुजनांचाच जोर अधिक ऐकू येतो, हेही प्रामाणिकपणे सांगावे लागेल. संथ खंडांत मात्र दोन स्वरांमधील शांतता कानांना टोचावी इतकी मोठी होते.

ही पोकळीची कल्पना बौद्ध लेण्यांना अधिक लागू पडते, असे आमचे मत आहे. कैलास बाहेरून पाहण्याचे शिल्प आहे. विहार मात्र आत राहण्याची पोकळी आहे. दहाव्या लेण्यातील चैत्यगृहात उभे राहून कोणी साधे त्रिसरण म्हणावे. वरच्या दगडी कमानींतून आवाज परत येतो तो म्हणणाऱ्याचा एकट्याचा राहत नाही. ज्यांनी तो दगड कोरला त्यांनी भिंतींबरोबर हा प्रतिध्वनीही कोरला. आकुतागावा त्या चैत्यगृहात किती वेळ थांबले, याची नोंद आमच्या वाचनात नाही. पण त्यांच्या कल्पनेचे घर तिथे आहे.

वेरूळचे नाव आमच्या परंपरेत आणखी एका कारणाने येते. १९३४ साली चळवळीतील सुमारे तीस कार्यकर्ते बाबासाहेबांसह सहलीस निघाले. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे त्यांनी ठरविले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने तोंडे धुतली म्हणून त्यांच्यावर कोण प्रसंग गुदरला, ते बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात; वर कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी एक जपानी पाहुणा त्याच परिसरात मोकळेपणाने हिंडला, त्याला पोकळीत सौंदर्य दिसले आणि त्याने त्यावर सिंफनी रचली. यात त्या पाहुण्याचा दोष काहीच नाही. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी धम्म जपला आणि गमावला, त्यांना त्या पोकळीच्या दाराशी पाणी नाकारले गेले, ही वजाबाकी कोणत्याही वाद्यवृंदात ऐकू येत नाही. ती आपण ऐकताना स्वतः मिळवायची आहे.

याच मुद्द्याचे एक जपानी अंगही आहे. जपानी वाद्यांचा पाश्चात्त्य वाद्यवृंदाशी सर्वांत गाजलेला मेळ तोरू ताकेमित्सु (१९३०-१९९६) यांनी घातला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या १२५ व्या वर्धापनानिमित्त त्यांच्याकडून मागवलेली 'नोव्हेंबर स्टेप्स' ही रचना ९ नोव्हेंबर १९६७ रोजी सेइजी ओझावा यांनी सादर केली. बिवा या तंतुवाद्यावर किन्शी त्सुरुता, शाकुहाचीवर कात्सुया योकोयामा. ओझावा यांनीच पुढे टोरांटोच्या वाद्यवृंदासह केलेली तिची तबकडी जगभर पोहोचली. या कृतीत दोन परंपरा मिसळत नाहीत. वाद्यवृंद बोलतो, थांबतो. मग दीर्घ काळ फक्त दोन वाद्ये बोलतात. ताकेमित्सु यांना हा वेगळेपणा जाणूनबुजून हवा होता, आणि आम्हांस तो प्रामाणिक वाटतो. पंचसिखाच्या वीणेबद्दलचा अभिप्राय इथे आठवतो : एकाने दुसऱ्यावर मात करू नये.

पण ही वाद्ये मुळात कोणाची? बिवा शतकानुशतके अंध भिक्षेकरी गायकांच्या हाती होती. शाकुहाची फुके संप्रदायाच्या भटक्या साधकांची. आणि जपानी ढोलांना जे कातडे लागते, ते कमावणारे हात बहुतांशी बुराकु समाजाचे, म्हणजे जपानने ज्यांना अस्पृश्य ठरविले त्यांचे. ढोल विहारात शिरला, राजदरबारात शिरला, रंगमंचावर शिरला; त्याचे कातडे ताणणारा वेशीबाहेरच राहिला. म्हसवडच्या सभेत हे सांगितले तेव्हा कोणाला समजावून द्यावे लागले नाही. माणदेशात हलगी कोणी वाजवायची, सनई कोणी फुंकायची, हे जातीने ठरलेले होते. १९५६ नंतर आमच्या वस्त्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, येसकरी सोडली, तशी सक्तीची वाजंत्रीही सोडली. वाद्य खाली ठेवणे हीसुद्धा संगीताच्या इतिहासातील घटना आहे, असे आम्ही मानतो. कोणत्याही ध्वनिमुद्रणात ती सापडणार नाही, कारण तिचा आवाज नाही.

मात्र त्या शांततेनंतर वाद्ये पुन्हा उचलली गेली, आणि या वेळी स्वखुशीने. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांच्या भीमगीतांत ढोलकी आहे आणि हार्मोनियमही. ही पेटी युरोपातून आलेली. तिचे स्वर भारतीय संगीताला मानवत नाहीत म्हणून १९४० पासून तीन दशके आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले होते. नभोवाणीच्या पंडितांनी जिला नाकारले, ती आमच्या गल्लीत सुखाने नांदली. पूर्व-पश्चिमेचा संगम म्हणून या मुद्रणांचा गौरव कोणी केलेला आम्हांस ठाऊक नाही. भीमगीत हे उपदेशाचे आणि चळवळीचे गाणे आहे. त्याला गीतस्वराची मर्यादा लावण्याचे कारण नाही. मर्यादेचा प्रश्न येतो तो वंदनेपाशी. बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते, कबीराची भजने त्यांना घरातून मिळाली होती, आणि ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी नानकचंद रत्तू यांना रेडिओग्रामवर त्रिसरणाची तबकडी लावावयास सांगून तिच्याबरोबर स्वतः सूर धरला होता. तबकडी त्यांना वर्ज्य नव्हती. पण ती ऐकताना ते नुसते श्रोते राहिले नाहीत. तिच्याबरोबर ते म्हणत होते.

हीच कसोटी आम्ही म्हसवडच्या उपासिकेपुढे ठेवली. ज्या मुद्रणाबरोबर आपल्याला म्हणता येते, ज्याचा प्रत्येक पालि शब्द कानांना कळतो, ते वंदनेचे मुद्रण. ज्यापुढे फक्त थक्क होऊन बसावे लागते, ते कलेचे मुद्रण. ते ऐकावे, जरूर ऐकावे, पण विहाराच्या वेळी लावू नये. 'निर्वाण सिंफनी' दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यांचे गुरू इफुकुबे यांनी १९६१ च्या बुद्धचरित्रावरील चित्रपटाला संगीत दिले आणि १९८९ मध्ये 'गोतम बुद्ध' या नावाची समूहगान व वाद्यवृंदासाठीची कृती पूर्ण केली. तीही दुसऱ्याच प्रकारातली.

सभा संपल्यावर तिथल्या महिला मंडळाने नेहमीची वंदना म्हटली. एका विद्यार्थ्याने ती भ्रमणध्वनीवर मुद्रित करून नंतर आम्हांस पाठविली. त्यात तीन म्हाताऱ्या उपासिका एक मात्रा मागे आहेत, दोन ठिकाणी दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला आहे, आणि मध्येच बाहेरून एक ट्रॅक्टर जातो. प्रत्येक पद स्वच्छ ऐकू येते. तिसऱ्या 'सरणं'च्या वेळी ते वृद्ध उपासकही मागून आवाज मिसळतात.